एएमटी ट्रकचा गिअर दर सोमवारी ‘येडा’ होतो? क्लच उतरवण्याआधी हे तपासा

एएमटी म्हणजे क्लचचं पेडल नसलेला, गिअर आपोआप बदलणारा ट्रक. त्याची तक्रार सगळीकडे एकाच शब्दांत येते. “मालक, ह्या गाडीचा गिअर येडा झालाय.” रिकामी गाडी पहिल्या गिअरात उठते. भरलेली गाडी सहाव्यातून सातव्यात जाते, दोन सेकंदांत परत सहाव्यात येते, पुन्हा सातव्यात. सिग्नलवरून निघताना केबिनला धक्का बसतो. वर्कशॉपमध्ये नेली की ‘लर्निंग’ करून देतात, म्हणजे गिअरबॉक्सच्या कंट्रोलरला त्याचे आकडे नव्याने शिकवतात, चार-सहा दिवस गाडी लोण्यासारखी चालते आणि पुढच्या सोमवारी पहिले पाढे पंचावन्न.

चाकण ते न्हावा शेवा कंटेनर वाहतूक करणाऱ्या गाड्यांची देखभाल मी बघतो. ५५ टनी ट्रॅक्टर-ट्रेलर, बीएस-६, क्लचचं पेडल नसलेले. हे दुखणं समजायला आम्हाला आठ महिने लागले. मधल्या काळात एका गाडीचा आख्खा क्लच सेट बदलला गेला. उतरवलेली प्लेट हातात घेतली तेव्हा तिच्यावर अजून भरपूर मटेरियल शिल्लक होतं. ते पैसे आणि गाडी उभी राहिलेले दिवस दुसऱ्या कुणाचे जाऊ नयेत, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

गिअरबॉक्स नेमकं काय शिकतो

एएमटी म्हणजे आपला नेहमीचाच गिअरबॉक्स आणि नेहमीचाच कोरडा क्लच. ड्रायव्हरचा डावा पाय आणि डावा हात यांची कामं हवेवर चालणारे सिलिंडर करतात, आणि कुठला सिलिंडर कधी हलवायचा ते गिअरबॉक्सचा कंट्रोलर ठरवतो. हा कंट्रोलर दोन वह्या ठेवतो असं समजा, दुकानदाराची एक पक्की वही आणि एक कच्ची.

पक्क्या वहीत गाडीच्या शरीराची नोंद असते. क्लच किती सरकला की पकडायला लागतो, प्रत्येक गिअरचा फोर्क कुठपर्यंत गेला की गिअर पूर्ण बसतो, सिलिंडर हलायला किती वेळ घेतो. यातली क्लचच्या पकडीची नोंद सगळ्यात महत्त्वाची. प्लेट झिजते तशी पकडीची जागा सरकत जाते. आपण क्लच पेडलची गाडी चालवतो तेव्हा पाय हे आपोआप लक्षात ठेवतो, इथे ते कंट्रोलर करतो. गाडी न्यूट्रलमध्ये उभी, इंजिन आयडलिंगला, हवा भरलेली, अशा वेळी तो क्लच पूर्ण सोडवतो आणि मग हळूहळू जवळ आणतो. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टवर सेन्सर असतो. थांबत आलेला शाफ्ट ज्या क्षणी पुन्हा फिरू लागतो ती पकडीची जागा. तो आकडा वहीत जातो.

कच्ची वही रस्त्याची. आज गाडी रिकामी आहे की भरलेली, समोर चढ आहे की सपाटी, ड्रायव्हर एक्सलरेटर किती आणि किती झटकन दाबतोय. बहुतेक गाड्यांत ही वही काही मिनिटांपुरतीच असते, चावी बंद केली की कोरी. म्हणून “हा गिअरबॉक्स आधीच्या ड्रायव्हरच्या सवयीचा झालाय, माझं ऐकत नाही” हे जे आपल्याकडे सर्रास बोललं जातं ते एएमटीच्या बाबतीत तितकंसं खरं नाही. आधीच्या ड्रायव्हरचा पाय गिअरबॉक्स विसरून जातो. त्या ड्रायव्हरने झिजवलेला क्लच मात्र त्याला लक्षात ठेवावाच लागतो.

ही फोड ध्यानात आली की अर्धं निदान घरबसल्या होतं. तीच गाडी, तोच माल, तोच रस्ता, फक्त ड्रायव्हर बदला. खोड गेली तर घोळ कच्च्या वहीत, म्हणजे पायात. दोघांच्याही हातात सारखाच धक्का बसला, आणि तोही मुख्यतः उभ्या गाडीतून निघताना, तर पक्की वही बघा. खोड फक्त लोडवर किंवा फक्त चढावर येत असेल तर गिअरबॉक्सला इंजिनाकडून चुकीची खबर जातेय का ते बघा. ही तिसरी शक्यता सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहते.

सोमवारचं कोडं

आमच्याकडे खोड सोमवारीच का, याचं उत्तर बॅटरीच्या कट-ऑफमध्ये, म्हणजे बॅटरीची वीज तोडणाऱ्या मुख्य स्विचमध्ये निघालं.

शनिवारी रात्री गाड्या यार्डात लागायच्या. बॅटरी उतरू नये म्हणून आमचीच सक्त सूचना होती की रविवारभर कट-ऑफ बंद ठेवायचा. ड्रायव्हर इमानदारीने चावी बंद करून, खाली उतरून, लगेच कट-ऑफ फिरवायचे. अडचण अशी की चावी बंद केली म्हणून कंट्रोलर लगेच झोपत नाही. अनेक गाड्यांत तो त्यानंतर काही काळ जागा असतो आणि दिवसभरात शिकलेलं पक्क्या वहीत उतरवतो. त्याच वेळी वीज तोडली तर पान अर्धवट लिहिलं जातं. पुढच्या वेळी सुरू होताना कंट्रोलरला ते पान खराब दिसतं, तो ते बाद करतो आणि कंपनीतून निघताना भरलेल्या मूळ आकड्यावर जातो. मूळ आकडा कोऱ्या प्लेटचा, आपली प्लेट दीड लाख किलोमीटर चाललेली. मग झटका बसणारच.

आम्हाला हे पटलं ते कंट्रोलरमधले आकडे वाचणाऱ्या स्कॅनरवर. शनिवारी संध्याकाळी आणि सोमवारी सकाळी त्याच गाडीचा पकडीचा आकडा लिहून ठेवला. सलग दोन सोमवारी तो त्याच एका आकड्यावर परत आलेला होता. झिजलेली प्लेट रविवारच्या सुट्टीत भरून निघत नाही. तिसऱ्या सोमवारी आकडा जागेवर होता, कारण त्या शनिवारी ड्रायव्हर कागदपत्रं आवरत केबिनमध्ये बसून राहिला होता आणि कट-ऑफ बऱ्याच उशिरा फिरवला होता. खोड कधी येते, कधी येत नाही, याचं कारणही तेच.

दुसरं नुकसानही याच सवयीतून होतं. बीएस-६ गाडीत धूर स्वच्छ करायला युरियाचं द्रावण वापरतात. चावी बंद केल्यावर युरियाचा पंप पाईपमधला युरिया परत टाकीत ओढून घेतो. मध्येच वीज गेली तर तो पाईपमध्ये आणि इंजेक्टरमध्ये राहतो, वाळतो, त्याचे खडे होतात. पुढे युरियाची लाईट लागते, इंजिन स्वतःची ताकद कमी करून घेतं, आणि ताकद कमी झालेल्या इंजिनावर गिअरबॉक्स सारखे गिअर शोधत बसतो. तक्रार पुन्हा गिअरबॉक्सच्याच नावावर.

किती वेळ थांबायचं ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. काही गाड्यांत कट-ऑफजवळ छोटा दिवा असतो, तो विझेपर्यंत थांबायचं. आम्ही सरसकट पाच मिनिटं ठरवली. आधी चावी बंद, मग गाडीभोवती फेरी मारून टायर आणि गळती बघायची, शेवटी कट-ऑफ.

हे आवरताना बॅटरीचाही विचार करा. २४ व्होल्टच्या गाडीत इंजिन चालू असताना २७ ते २८ व्होल्ट दिसायला हवेत. स्टार्टर मारताना मीटर लावून बघा, १८ च्या खाली घसरत असेल तर बॅटरी किंवा तिची टर्मिनल्स संशयित. गिअरबॉक्सच्या बॉडीवरची अर्थिंगची पट्टी हा आणखी एक गुपचूप गुन्हेगार. पावसाळ्यात ती गंजते, वरून साबूत दिसते. स्टार्टर मारताना मीटरची एक वायर गिअरबॉक्सच्या बॉडीला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर पट्टी काढून, घासून, नीट आवळून बसवा.

हवा

क्लचही हवेवर, गिअरही हवेवर. टाकीत पाणी असेल तर व्हॉल्व्ह चिकटतात आणि कालपर्यंत ठरावीक वेळात हलणारा सिलिंडर आज उशीर करतो. कंट्रोलर नव्या वेळेशी जुळवून घेतो, दुपारी ऊन पडून व्हॉल्व्ह मोकळा झाला की ते शिकलेलं पुन्हा चुकीचं. सकाळी वाईट आणि दुपारी बरी अशी गाडी असेल तर स्कॅनरच्या आधी टाक्यांचे ड्रेन ओढा. पाणी निघालं तर हवेतली ओल शोषणाऱ्या ड्रायरचं कार्ट्रिज संपलंय. काळपट तेल निघालं तर कॉम्प्रेसर तेल फेकतोय, आणि नुसतं कार्ट्रिज बदलून महिनाभरात तीच वेळ येईल. कोकणात फिरणाऱ्या गाड्यांनी जून ते सप्टेंबर हे रोज करावं.

गळतीसाठी रात्री प्रेशर पूर्ण भरून आकडा लिहा आणि सकाळी बघा. गिअरबॉक्सवरच्या क्लच सिलिंडरची बारीक गळती कानाला ऐकू येत नाही, साबणाच्या पाण्याने दिसते. चाकांना ठोकळे लावल्याशिवाय आणि चावी काढून खिशात घातल्याशिवाय कुणी खाली जाऊ नये. सिलिंडरमध्ये हवा असते आणि तो हलला तर बोट राहत नाही.

इंजिनाची खोटी खबर

गाडीवर किती माल आहे हे गिअरबॉक्सला वजनकाटा नसताना कसं कळतं? प्रत्येक गिअर बदलताना क्षणभर इंजिनाची ओढ बंद होते. त्या क्षणी गाडीचा वेग किती मंदावला आणि ओढ परत आल्यावर किती वाढला, यातला फरक कंट्रोलर मोजतो. ओढ किती दिली ते इंजिनाचा कंट्रोलर वायरीवरून कळवतो. ओढीला त्या फरकाने भागलं की वजन. शाळेतलाच नियम, बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. म्हणून माल भरल्यावर पहिले काही गिअर बदलेपर्यंत गाडी थोडी गोंधळलेली वाटते. तेवढं क्षम्य आहे.

आता यातली मेख बघा. इंजिन जी ओढ कळवतं ती मोजलेली नसते, टाकलेल्या डिझेलवरून काढलेली असते. टर्बोचा होज कुठे फाटला असेल, एअर फिल्टर चोंदला असेल, तर डिझेल तेवढंच जातं आणि प्रत्यक्ष ओढ कमी पडते. इंजिन सांगतं शंभर, चाकांना मिळतात नव्वद. गिअरबॉक्स समजतो की एवढी ओढ देऊनही गाडी हलत नाही, म्हणजे माल जास्त आहे. ४० टनांची गाडी त्याला सुमारे ४४ टनांची वाटते. मग तो खालचे गिअर जास्त वेळ धरून ठेवतो, इंजिन गुरगुरतं, डिझेलचा हिशेब बिघडतो. गिअरबॉक्समध्ये काडीचाही दोष नसतो.

एखाद्या चाकाचा ब्रेक चिकटला असेल तर प्रकार वेगळा होतो. ती अडवणूक ओढ असताना आणि नसताना सारखीच असते, त्यामुळे ती वजनात धरली जात नाही, चढ म्हणून धरली जाते. गाडीला सगळा महाराष्ट्र चढाचा वाटतो. वीस-पंचवीस किलोमीटर चालवून झाल्यावर हबजवळ हाताची पाठ न टेकवता फक्त जवळ धरून बघा, एक चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट तापलेलं कळतं.

चढ मोजणारा सेन्सरही असतो, काही गाड्यांत तो कंट्रोलरच्या आतच. कंट्रोलर काढून परत बसवताना तो १ अंशाने कलला तरी सपाट रस्ता त्याला पावणेदोन टक्के चढाचा दिसतो. ४० टनांच्या गाडीसाठी ती साधारण ७०० किलोची ओढ झाली. गिअरबॉक्सचं काम करून आल्यापासूनच खोड लागली असेल तर सपाट फरशीवर गाडी उभी करून या सेन्सरचं शून्य लावून घ्या.

ड्रायव्हरचा पाय

मला ड्रायव्हरांवर सगळं ढकललेलं आवडत नाही. आमच्याच प्रकरणात त्यांनी सांगितलेलं तंतोतंत खरं होतं आणि आम्ही दोन महिने ते ‘सवय नाही म्हणून’ म्हणून उडवून लावलं. तरीही पायाच्या तीन गोष्टी अशा आहेत की त्यांनी चांगला क्लच वर्षात संपतो.

पहिली न्हावा शेव्याच्या रांगेतली. समोरची गाडी पाच फूट सरकली की आपणही पाच फूट. पेडलच्या गाडीत ड्रायव्हर क्लच मारून सरकतो तेव्हा पोटरी दुखते, म्हणून तो थोडं अंतर पडू देतो. एएमटीत पाय दुखत नाही, त्यामुळे दिवसभर सरकणं चालू राहतं आणि प्रत्येक वेळी क्लच घासतो. दोन गाड्यांचं अंतर मोकळं होऊ द्या, मग एकदाच पुढे जा.

दुसरी चढावर एक्सलरेटर देऊन गाडी तोलून धरणं. खंबाटकीत किंवा कसाऱ्यात गाड्या अडकल्या की हे हमखास दिसतं. ब्रेकवर पाय नाही, हँडब्रेक नाही, फक्त थोडं एक्सलरेटर, गाडी जागेवर. त्या वेळी क्लच अर्धवट पकडलेला असतो आणि इंजिनाची सगळी ताकद उष्णतेत जाते. क्लच तापल्याची सूचना येते, जळका वास येतो, आणि तापलेल्या प्लेटची पकड बदलल्यामुळे नंतर तासभर गाडी झटके मारते. ब्रेक धरा. निघताना ब्रेक सोडून लगेच एक्सलरेटर द्या, चढावर धरून ठेवणारी सोय मधले एक-दोन सेकंद सांभाळते.

तिसरी गोष्ट एक्सलरेटरचं पेडल पंप करणं. गिअर पडत नाही म्हणून ड्रायव्हर पाय उचलतो आणि पुन्हा दाबतो. पाय उचलला की कंट्रोलर समजतो ताकद नको, वरचा गिअर टाकू. दाबला की खालचा. एका दमात तीन-चारदा असं झालं की हाच गिअर शोधण्याचा खेळ. चढ सुरू होण्याआधी पेडल स्थिर करा आणि तिथेच ठेवा. बोरघाटासारख्या लांब चढावर गाडी तरीही दोन गिअरांमध्ये घुटमळत असेल तर सरळ मॅन्युअल मोडला घ्या आणि खालचा गिअर धरून वर जा. ती सोय त्यासाठीच दिलेली आहे, वापरण्यात कमीपणा नाही.

आणि उतारावर न्यूट्रल कधीही नाही. डिझेल वाचवायला म्हणून कुणी शिकवलं असेल तर ते विसरा. न्यूट्रलमध्ये इंजिन ब्रेक आणि एक्झॉस्ट ब्रेक दोन्ही निकामी होतात, सगळा भार चाकांच्या ब्रेकवर येतो. गिअरात असताना पाय उचलला तर इंजिन तसंही डिझेल घेत नाही. एक्झॉस्ट ब्रेक लावला की एएमटी स्वतः खालचा गिअर टाकून रोध वाढवते, ते काम तिला करू द्या.

लर्निंग कधी आणि कसं

वर्कशॉपमध्ये पहिला हात ‘सगळं पुसून नव्याने शिकव’ याच बटणाकडे जातो. तो थांबवा. पुसलं की पुरावाही गेला. आधी पकडीचा आकडा, क्लच किती शिल्लक आहे तो आकडा, जुने फॉल्ट कोड आणि सगळ्यात कमी नोंदलेलं व्होल्टेज, एवढं कागदावर उतरवून घ्या. पकडीचा आकडा महिनोन्महिने हळूहळू एकाच दिशेने सरकला असेल तर ती नैसर्गिक झीज. मूळ आकड्यावर उडी मारून गेला असेल तर वीज. रोज मागेपुढे हेलकावत असेल तर सिलिंडरची गळती, हवेतलं पाणी, किंवा प्लेटला तेल लागलंय.

कारण दुरुस्त झालं की मगच लर्निंग. सपाट जागा, हँडब्रेक, चाकांना ठोकळे, एअर प्रेशर पूर्ण, इंजिन गरम, एसी आणि पीटीओ (इंजिनाच्या ताकदीवर इतर यंत्रं चालवणारा जोड) बंद. क्रम आणि अटी प्रत्येक बनावटीच्या वेगळ्या असतात, त्या गाडीचंच पुस्तक धरा. रोजच्या रोज मात्र ड्रायव्हरने एवढं करायचं की सकाळी गाडी सुरू केल्यावर लगेच गिअर टाकायचा नाही. न्यूट्रलमध्ये, हँडब्रेकवर, प्रेशर भरेपर्यंत आणि वर एखादं मिनिट गाडी तशीच ठेवायची. पकडीची जागा तपासायला कंट्रोलरला हीच वेळ मिळते. सुरू केली आणि निघालो, असं महिनाभर झालं तर शिकायला त्याला सवडच मिळत नाही.

खरंच क्लच गेला असेल तर

वरच्या गिअरात, कमी आरपीएमवर, भरलेल्या गाडीने चढाला पूर्ण पेडल दिल्यावर आरपीएम चढला आणि वेग तिथेच राहिला, तर क्लच घसरतोय. त्याला लर्निंग नाही. आकडे सगळे बरोबर आणि तरी निघताना ‘ठक्’ असा आवाज येत असेल तर प्रॉपेलर शाफ्टचे जॉईंट क्रॉस, इंजिनाची माउंटिंग आणि ट्रेलरला ट्रॅक्टरशी जोडणारी किंगपिन हलवून बघा. किंगपिनमधली ढिलाई गिअरच्या झटक्यासारखीच जाणवते, ट्रेलर सोडून नुसता घोडा (पुढचा ट्रॅक्टर) चालवला की उलगडा होतो.

टिपर किंवा कचरागाड्यांत टॉर्क कन्व्हर्टरचा पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर वरचं क्लचचं पुराण लागू नाही. तिथे आत तेलाच्या दाबावर चालणारे क्लच पॅक असतात आणि कंट्रोलर प्रत्येक पॅक भरायला लागणारं तेल आणि दाब शिकतो. नवा असताना किंवा पुसल्यावर तो मोठ्या पावलांनी शिकतो, नंतर बारीक दुरुस्त्या करत राहतो. पुसल्यानंतर तेल गरम असताना, हलक्या, मध्यम आणि पूर्ण पेडलवर, प्रत्येक गिअर पुरेशा वेळा बदलला गेला पाहिजे. नुसती यार्डात फिरवून दिलेली गाडी साइटवर पूर्ण लोडला झटके देतेच, कारण त्या पेडलवर तो काही शिकलेलाच नसतो. इथे पहिली तपासणी तेलाची पातळी आणि शिफारस केलेलंच तेल, दुसरं काही नंतर.

गाडी वर्कशॉपला द्याल तेव्हा जॉब कार्डवर ‘गिअर प्रॉब्लेम’ एवढंच लिहू देऊ नका. खोड थंड गाडीला की गरम, रिकामी की भरलेली, निघताना की चढावर, ड्रायव्हर बदलल्यावर काय झालं, आणि आदल्या रात्री कट-ऑफ कधी फिरवला, हे लिहायला लावा. लर्निंगच्या आधीचा आणि नंतरचा पकडीचा आकडाही त्याच कार्डवर मागून घ्या आणि कार्डाचा फोटो काढून ठेवा. पुढच्या वेळी तोच आकडा परत दिसला तर क्लच उतरवायच्या आधी कट-ऑफजवळ जायचंय हे लगेच कळेल.